डॉ. हेड यांचा डावा हात

काच लागली, विळीवर हात पडला किंवा यंत्रात सापडला, की कोपराखालच्या जखमेत आधी रक्ताकडे लक्ष जाते. टाके पडतात, काही दिवसांनी निघतात, बोटे हलतात, मूठ वळते. सगळे ठीक झाले असे वाटत असतानाच रुग्णाच्या लक्षात येते, की अंगठ्याच्या मागची कातडी सुन्न आहे. तिथे माशी बसली तरी कळत नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटाच त्रास सुरू होतो. त्या सुन्न भागात टाचणी लागली तर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त झोंबते, दुखणे एका जागी न राहता पसरते आणि नेमके कुठे लागले ते सांगता येत नाही. जखम आतून चिघळली की काय, टाके चुकले की काय, अशा शंकांनी माणूस घाबरतो.

बहुतेक वेळा काही बिघडलेले नसते. तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढत असतो आणि संवेदना परत येताना अशा अर्धवट अवस्थेतून जाते. ही अवस्था चिकाटीने, वर्षानुवर्षे तपासून ज्यांनी कागदावर उतरवली, ते इंग्लंडमधले डॉक्टर म्हणजे सर हेन्री हेड. त्यासाठी त्यांनी स्वतःच्याच हातातले मज्जातंतू कापून घेतले होते.

प्राग ते लंडन

हेन्री हेड यांचा जन्म ४ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या स्टोक न्यूइंग्टन भागात झाला. घराणे क्वेकर पंथाचे, साधे राहणारे आणि सुखवस्तू. वडील विमा व्यवसायात होते. भावंडे बरीच, त्यांत हेन्री सर्वांत थोरले. चार्टरहाउस शाळेतून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि विज्ञानाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आले.

डॉक्टरकीचे शिक्षण पुरे करण्याआधी ते प्रागला गेले. तिथल्या जर्मन विद्यापीठात एवाल्ड हेरिंग हे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. फुप्फुसे हवेने भरली की एका मज्जातंतूमार्फत मेंदूला खबर जाते आणि श्वास आत घेणे थांबते, हे हेरिंग आणि ब्रॉयर यांनी आधीच दाखवले होते. हेड यांनी हाच धागा पुढे नेला. विशिष्ट परिस्थितीत फुप्फुसे फुगवली तर श्वास थांबण्याऐवजी आणखी जोराने आत घेतला जातो, असे त्यांना आढळले. १८८९ साली प्रसिद्ध झालेले हे निरीक्षण आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

प्रागमध्ये त्यांना एक सवय लागली, ती जन्मभर टिकली. मज्जातंतू काय करतो हे समजून घ्यायचे असेल, तर तो बंद पडल्यावर काय होते आणि परत सुरू होताना काय होते, हे दोन्ही बारकाईने पाहायचे. हेरिंग हे स्वतः रंग, प्रकाश, स्पर्श यांच्या अनुभवाचे अभ्यासक होते. माणसाला आतून काय जाणवते, याचीही शास्त्रीय नोंद होऊ शकते, यावर त्यांचा विश्वास होता. हेड यांनी तोही उचलला.

लंडनला परतून युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांचे वैद्यकीय शिक्षण पूर्ण झाले. एम. डी. साठी त्यांनी निवडलेला विषय होता शरीराच्या आतल्या अवयवांचे दुखणे. हृदयाला रक्त कमी पडले की डावा हात दुखतो, पित्ताशय बिघडले की उजवा खांदा दुखतो, हे डॉक्टरांच्या पाहण्यात होते. हेड यांनी अशा अनेक रुग्णांची कातडी चिमटीत धरून, टाचणीने हलके तपासून, कोणत्या अवयवाच्या आजारात कातडीचा कोणता पट्टा हळवा होतो, याचे नकाशे तयार केले. वैद्यकात आजही त्यांना 'हेड यांचे पट्टे' म्हणतात.

या नकाशांना पक्का आधार मिळाला तो आपल्याकडे 'नागीण' म्हणतात त्या आजारातून. नागिणीचे फोड शरीराच्या एका बाजूला पट्ट्यासारखे उठतात. हेड आणि कॅम्पबेल यांनी नागीण झालेल्या आणि नंतर अन्य कारणाने मरण पावलेल्या रुग्णांच्या पाठीच्या कण्याजवळच्या मज्जागाठी तपासल्या. ज्या गाठीला सूज येऊन गेल्याच्या खुणा होत्या, तिच्याशी जोडलेल्या कातडीच्या पट्ट्यावरच फोड आले होते. हा अभ्यास १९०० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, वयाच्या अडतिसाव्या वर्षाच्या आत, हेड रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते.

रुग्ण सांगत होते, पण पुरे पडत नव्हते

हेड तोवर पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपल भागातील लंडन हॉस्पिटलमध्ये काम करू लागले होते. गोदीचा, कारखान्यांचा आणि गरीब वस्तीचा हा भाग. चाकूचे, काचेचे आणि यंत्राचे घाव घेऊन माणसे रोज येत. त्यांत हाताचे मज्जातंतू तुटलेले पुष्कळ असत. जेम्स शेरन हे सर्जन अशा रुग्णांचे मज्जातंतू शिवत आणि हेड त्यांची संवेदना तपासत.

इथे हाताच्या रचनेविषयी थोडे सांगायला हवे. बोलण्यात आपण 'नस' हा एकच शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही. मज्जातंतू म्हणजे अनेक बारीक तारा असलेली केबल. काही तारा मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेतात, तर काही कातडी, स्नायू आणि सांध्यांकडून मेंदूला खबर आणतात. बहुतेक मोठ्या मज्जातंतूंमध्ये दोन्ही प्रकारच्या तारा असतात. म्हणून असा मज्जातंतू तुटला की हात लुळाही पडतो आणि सुन्नही होतो.

कोपराखाली मात्र काही मज्जातंतू केवळ कातडीची खबर आणतात. रेडियल मज्जातंतूची वरवरची शाखा कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने खाली येते आणि अंगठ्याच्या मागच्या व पंजाच्या पाठीवरच्या कातडीत पसरते. दुसरा एक मज्जातंतू कोपराजवळ वर येऊन कोपर ते मनगट या भागाच्या अंगठ्याकडच्या कातडीला जातो. हे दोन्ही तुटले तरी एकही बोट लुळे पडत नाही. त्यामुळेच ही इजा पुष्कळदा उशिरा ध्यानात येते.

हेड यांची अडचण वेगळी होती. घावात मज्जातंतूबरोबर स्नायू, शिरा, स्नायूबंध असे बरेच काही कापलेले असे. रुग्ण दिवसभराच्या मजुरीनंतर थकून येत. त्यांना तासन्‌तास डोळे मिटून बसवणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. टोचले की 'लागले' एवढे ते सांगत. पण ते लागणे पूर्वीसारखे होते की वेगळे, एका जागी होते की पसरत होते, टोकदार होते की नुसतेच नकोसे होते, असे बारीक प्रश्न विचारले की गोंधळत. शिवाय डॉक्टरने प्रश्न विचारला की त्यातच उत्तराचा इशारा असतो आणि भिडेखातर रुग्ण त्याला हवे तेच सांगतो, हेही हेड जाणून होते.

यावर त्यांनी काढलेला मार्ग आजच्या कोणत्याही रुग्णालयाच्या नैतिकता समितीपुढे ठेवला, तर तिचे सदस्य चमकून पाहतील. निरोगी हाताचे, फक्त संवेदनेचे मज्जातंतू मुद्दाम कापायचे, लगेच शिवायचे आणि ते बरे होताना काय जाणवते ते एका प्रशिक्षित माणसाने सांगायचे. दुसऱ्या कुणावर असे करणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून हात त्यांनी आपलाच दिला.

२५ एप्रिल १९०३

शस्त्रक्रिया २५ एप्रिल १९०३ रोजी झाली. हेड तेव्हा ४१ वर्षांचे होते. लंडन हॉस्पिटलचे सर्जन डीन यांनी शेरन यांना मदतीला घेऊन डाव्या कोपराजवळ छेद घेतला. रेडियल मज्जातंतूची वरवरची शाखा कापून तिचा छोटा तुकडा काढला आणि दोन्ही टोके बारीक रेशमी धाग्याने जोडली. शेजारचा, कोपराखालच्या कातडीचा मज्जातंतूही कापला. जखम चांगली भरली. हाताची ताकद होती तशीच राहिली.

तपासणारा माणूस कोण, हे आधीच ठरले होते. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर होते आणि मानसशास्त्रज्ञही. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात ते ज्ञानेंद्रियांचे शास्त्र शिकवत. माणसाला काय दिसते, काय जाणवते, हे मोजण्याची त्यांची हातोटी दूरदूरच्या प्रवासांत तयार झाली होती. १८९८ मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेले होते. १९०१-०२ मध्ये त्यांनी आपल्या निलगिरीत मुक्काम करून तोडा लोकांचा अभ्यास केला आणि पुढे १९०६ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. निलगिरीहून परतल्यावर वर्षभराच्या आतच हेड यांच्या हाताचे काम त्यांच्यासमोर आले.

लंडनमधले रुग्णालय आणि खासगी व्यवसाय सांभाळून हेड सुटीच्या दिवशी आगगाडीने केंब्रिजला जात. सेंट जॉन्समधल्या रिव्हर्स यांच्या शांत खोल्यांत ते डावा हात टेबलावर ठेवून डोळे मिटून बसत. साधने साधी होती : कापसाचा बोळा, टाचण्या, कंपासपेटीतल्यासारखे दोन टोकांचे कर्कटक, गरम-थंड पाण्याच्या नळ्या आणि ठरावीक दाबाला वाकणारे केस. रिव्हर्स कधी स्पर्श करत, कधी टोचत, कधी काहीच करत नसत. हेड जे जाणवेल ते सांगत, रिव्हर्स लिहून घेत. रिव्हर्स सूचक प्रश्न विचारत नसत आणि उत्तर बरोबर की चूक, हे चाचणी चालू असताना सांगत नसत. हवा थंड असली, हात गार पडला किंवा माणूस थकलेला असला, तर उत्तरे बदलतात, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. मग या गोष्टींचीही नोंद होऊ लागली.

हे काम डिसेंबर १९०७ पर्यंत चालले. साडेचार वर्षांहून अधिक काळात एकूण १६७ दिवस तपासणी झाली. मधल्या काळात, १९०४ साली, हेड यांचे रूथ मेह्यू यांच्याशी लग्न झाले. त्या ब्रायटनच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. नवऱ्याचे संसाराचे पहिले काही सुटीचे दिवस केंब्रिजच्या खोलीत टाचण्या टोचून घेण्यात जावेत, हे त्यांनी चालवून घेतले.

संवेदना परतते कशी

शस्त्रक्रियेनंतर डाव्या हाताच्या अंगठ्याकडच्या बाजूचा, कोपराखालपासून पंजाच्या पाठीपर्यंतचा भाग कापसाला, टाचणीला, गरम-गारला दाद देईनासा झाला. पण पहिले आश्चर्य लगेच दिसले. त्याच कातडीवर बोटाने किंवा पेन्सिलीने दाबले की हेड यांना दाब कळे, आणि कुठे दाबले तेही बऱ्यापैकी अचूक सांगता येई. याचा अर्थ दाबाची जाणीव कातडीच्या मज्जातंतूंवर अवलंबून नव्हती. ती खोलवरच्या, स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूंमधल्या तारांतून येत होती. कातडी सुन्न झालेली असूनही रुग्ण 'मला कळते' असे का म्हणतो आणि डॉक्टर कसा फसतो, याचे उत्तर त्यात मिळाले. बोटाने दाबून संवेदना तपासणे चुकीचे, कापूस हलकेच टेकवून पाहायला हवे, हा धडा तिथून पक्का झाला.

सुमारे दोन महिन्यांनी कोपराखालच्या भागात टाचणी पुन्हा टोचू लागली. पंजाच्या पाठीपर्यंत ही जाणीव पोहोचायला आणखी काही महिने गेले. पण हे टोचणे जुन्यासारखे नव्हते. एरवी सहज सोसले असते असे टोचणे आता असह्य वाटे, हात आपोआप मागे ओढला जाई. दुखणे टोचल्या जागी न राहता पसरे, कधी तर दूर अंगठ्याच्या बाजूला उमटे. बर्फ कळे, कडक गरम कळे, मधले कोमट काहीच कळत नसे. कातडीवरचे केस हलले की झिणझिण्या येत. कापसाचा हलका स्पर्श मात्र लागत नसे.

तो परतायला वर्ष उलटावे लागले, पंजावर तर त्याहूनही जास्त काळ गेला. कापूस कळू लागला, कोमट आणि थंडगार यांतले फरक कळू लागले, कर्कटकाची दोन टोके दोन म्हणून ओळखू येऊ लागली. आणि ही बारीक जाणीव आली तसतसा आधीचा भडक, पसरणारा त्रास ओसरत गेला. पंजाच्या पाठीवरचा एक छोटा त्रिकोणी तुकडा मात्र शेवटपर्यंत त्या कच्च्या अवस्थेतच राहिला. एकाच हातावर कच्ची आणि पुरी, दोन्ही संवेदना शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय त्यामुळे झाली.

सिद्धांत आणि त्याचे वाभाडे

हेड आणि रिव्हर्स यांनी यातून एक मोठा सिद्धांत मांडला. कातडीच्या संवेदनेच्या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत, असे ते म्हणाले. एक जुनी, आदिम, धोक्याची घंटा वाजवणारी. तिला त्यांनी 'प्रोटोपॅथिक' नाव दिले. दुसरी उत्क्रांतीत नंतर आलेली, बारकावे पारखणारी. ती 'एपिक्रिटिक'. मज्जातंतू तुटल्यावर आदिम यंत्रणा लवकर उगवते आणि पारखी यंत्रणा मागाहून येऊन तिला लगाम घालते. १९०८ साली 'ब्रेन' या नियतकालिकात हा सव्वाशेहून अधिक पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याची सगळीकडे चर्चा झाली. रिव्हर्स यांनी पुढे तीच कल्पना मनाला लावली. भीती, सहजप्रवृत्ती यांच्यावर विवेकाचा लगाम असतो आणि तो सुटला की खालचे उफाळून येते, असे त्यांनी मांडले. पहिल्या महायुद्धात मनाने खचलेल्या सैनिकांवर उपचार करताना हा विचार त्यांच्या सोबत होता.

पण शास्त्रात एका माणसाच्या हातावर सिद्धांत उभा राहत नाही. लंडनमधलेच विल्फ्रेड ट्रॉटर आणि मॉरिस्टन डेव्हिस या दोघा सर्जननी, हेड यांच्यासारखेच धाडस करून, आपल्या स्वतःच्या अंगावरचे मिळून सात मज्जातंतू कापून घेतले. १९०९ साली त्यांनी निकाल छापले. संवेदना हळूहळू परतते, मधल्या काळात कातडी जास्त हळवी होते, हे त्यांनाही दिसले. मात्र दोन वेगळ्या यंत्रणा एकामागून एक उगवतात, याला त्यांना पुरावा सापडला नाही. हळवेपणा हा नव्याने फुटणाऱ्या, अजून अपक्व तारांचा परिणाम आहे, असे त्यांचे मत पडले. पुढे अमेरिकेत एडविन बोरिंग या मानसशास्त्रज्ञाने आपल्या हातातला मज्जातंतू कापून घेऊन पुन्हा पडताळा घेतला. १९१६ साली आलेला त्यांचा निष्कर्षही हेड यांच्या विरुद्धच होता.

चूक कुठे झाली, हे आज मागे वळून पाहताना स्पष्ट दिसते. हेड हात देणारेही होते आणि सिद्धांत मांडणारेही. लंडन हॉस्पिटलमधल्या रुग्णांवरून दोन यंत्रणांची कल्पना त्यांच्या मनात आधीच आकार घेत होती. हाताची तपासणी चालू असताना, १९०५ मध्ये, ती छापूनही आली होती. डोळे मिटले तरी मनातली अपेक्षा मिटत नाही. रुग्ण डॉक्टरच्या भिडेखातर उत्तर देतो, ही अडचण टाळण्यासाठी त्यांनी स्वतःला रुग्ण केले. पण डॉक्टर स्वतःच्या सिद्धांताच्या भिडेत अडकू शकतो, याची तजवीज त्या प्रयोगात नव्हती. आज अशा अभ्यासात पुष्कळ माणसे घेतात आणि तपासणाऱ्याला व तपासून घेणाऱ्याला दोघांनाही काय अपेक्षित आहे, हे शक्यतो कळू देत नाहीत.

तरी निरीक्षणे वाया गेली नाहीत. मज्जातंतूतल्या तारा जाडीने आणि वेगाने वेगवेगळ्या असतात, हे अर्लँगर आणि गॅसर यांनी पुढे विजेच्या नोंदींनी दाखवले आणि त्यांना १९४४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जाड, वेगवान तारा हलका स्पर्श नेतात. बारीक, संथ तारा दुखणे आणि गरम-गार नेतात. शिवलेल्या मज्जातंतूत दुखण्याची जाणीव साधारणपणे आधी आणि हलक्या स्पर्शाची मागून येते, हा हेड यांनी पाहिलेला क्रम आजही रुग्णांमध्ये दिसतो. त्याचे स्पष्टीकरण तेवढे बदलले.

हातानंतर

हेड त्या एका प्रयोगावर थांबले नाहीत. १९११ साली गॉर्डन होम्स यांच्यासह त्यांनी मेंदूतल्या इजांमुळे संवेदना कशी बिघडते, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपले अंग कुठे आहे, कसे वळले आहे, याचा एक चालता-बदलता आराखडा मेंदू सतत ठेवत असतो, ही कल्पना त्यात आहे. टोपीत पीस खोचणाऱ्या बाईचा हा आराखडा त्या पिसाच्या टोकापर्यंत जातो, असे उदाहरण त्यांनी दिले होते. 'ब्रेन'चे ते अनेक वर्षे संपादक होते. शिक्षक म्हणून तर त्यांची ख्याती अशी, की मज्जासंस्थेच्या वेगवेगळ्या आजारांत माणूस कसा चालतो, ते स्वतः चालून दाखवत आणि विद्यार्थी ते पाहायला गर्दी करत. त्यांनी कविताही लिहिल्या. त्यांचा संग्रह १९१९ मध्ये निघाला.

महायुद्धात मेंदूला आणि पाठीच्या कण्याला गोळी लागलेले तरुण त्यांच्याकडे येत. त्यांत वाचा गेलेले अनेक होते. त्यांच्या अभ्यासातून १९२६ साली वाचाघातावरचा दोन खंडांचा ग्रंथ झाला. तोपर्यंत हेड यांनाच कंपवाताने गाठले होते. व्यवसाय सोडून ते पत्नीसह लंडनबाहेर राहायला गेले. रिव्हर्स तर १९२२ मध्येच अचानक वारले होते. १९२७ साली हेड यांना 'सर' हा किताब मिळाला, पण शरीर वर्षागणिक ताठर होत गेले. १९३९ मध्ये रूथ गेल्या. ८ ऑक्टोबर १९४० रोजी रेडिंग येथे हेड यांचे निधन झाले. मूल नव्हते. संपत्तीचा मोठा भाग त्यांनी वैद्यकीय संशोधनासाठी रॉयल सोसायटीला दिला.

त्यांच्या हाताची पुण्याई रोजच्या बाह्यरुग्ण विभागात दिसते. कुष्ठरोगाच्या तपासणीत मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला रेडियल मज्जातंतूची तीच वरवरची शाखा जाड झाली आहे का, हे बोटांनी चाचपून पाहतात. ठरावीक दाबाला वाकणाऱ्या केसांच्या जागी आता नायलॉनचे धागे आले आहेत. कुष्ठरोगात आणि मधुमेहींच्या तळपायावर ते टेकवून डोळे मिटलेल्या रुग्णाला विचारतात : लागते का, आणि कुठे?

कोपराखाली जखम झालेल्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टाके घालण्यापूर्वी, भूल देण्याच्या आधी, बोटांची व पंजाच्या पाठीची संवेदना तपासून घ्यायला डॉक्टरांना सांगावे. भुलीनंतर ती तपासता येत नाही. मज्जातंतू तुटल्याचे वेळेवर कळले तर तो शिवता येतो. शिवल्यावर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. कोपरापासून अंगठ्याच्या मुळापर्यंतचे अंतर मोठ्या माणसात पंचवीस-तीस सेंटिमीटर असते, तेव्हा आठ-दहा महिने, कधी त्याहून अधिक काळ धीर धरावा लागतो. मधल्या काळात गरम तवा, इस्त्री, चहाचे पातेले यांपासून सुन्न भाग जपावा, कारण तिथे चटका बसल्याचे कळणार नाही. मनगटावर घट्ट घड्याळ, कडे किंवा बांगडी ठेवू नये. नुसत्या दाबानेही ही शाखा दुखावते. सुन्न जागी टाचणी पुन्हा टोचू लागली आणि ती जरुरीपेक्षा जास्त झोंबली, तर तसे डॉक्टरांना जरूर सांगावे, पण घाबरू नये. दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल, हात सुजत किंवा रंग बदलत असेल, किंवा अनेक महिन्यांनीही काहीच फरक नसेल, तर मात्र पुन्हा दाखवायलाच हवे.